बाणावलीच्या वाळूत लाइव्ह पेंटिंग: कुठला ईझल न्यायचा, कुठे उभा करायचा

डिसेंबरात दक्षिण गोव्यात बाणावलीला बीचवरच्या एका लग्नात लाइव्ह पेंटिंगचं, म्हणजे लग्न चालू असताना तिथेच उभं राहून त्याचं चित्र काढायचं काम करून आले. मराठी कुटुंब, मंडप सरळ वाळूवर, समोर समुद्र आणि गोरज मुहूर्त. हल्ली गोव्यातल्या लग्नांना पेंटर बोलवायची टूम वाढलीये त्यामुळे तुमच्यापैकी कोणाला ना कोणाला असं काम येणारच, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. जास्त करून ईझलबद्दल, म्हणजे कॅनव्हास उभा धरायच्या स्टँडबद्दल, कारण रंग-ब्रश ज्याचे त्याचे ठरलेले असतात पण ईझल बहुतेक जण ऑनलाइन फोटो बघून मागवतात.

आधी प्रवास. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडली, सकाळी मडगाव, तिथून बाणावली रिक्षाने जवळच. गोव्यात विमानतळ दोन, त्यामुळे विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट दाबोळीचं आहे का मोपाचं ते नीट बघा. मोपा तिकडे पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला, आणि दक्षिण गोव्यातलं लग्न असेल तर टॅक्सीतच अर्धी कमाई जायची. रेल्वेत घडी केलेला ईझल खालच्या बर्थखाली आरामात जातो, कॅनव्हास मात्र मी वरच्या बर्थवर भिंतीला टेकवून उभा ठेवते, खाली ठेवला की कोणीतरी बॅग सरकवताना त्याला कोपरा मारतंच. टर्पेंटाइन, थिनर रेल्वेतही चालत नाही आणि विमानातही नाही, त्यामुळे ज्यांना ते लागतं त्या ऑइल कलरवाल्यांनी हा विषय तिथेच सोडावा. तसंही लग्नात अ‍ॅक्रिलिकच बरं, हे पाण्यात कालवायचे रंग पटकन सुकतात आणि रात्री चित्र सुकलेलं हातात द्यायचं असतं. विमानात पॅलेट नाइफ (रंग कालवायची पातळ सुरी) चेक-इनमध्ये टाका.

आता ईझल. बाजारात साधारण तीन जाती दिसतात. लाकडी फ्रेंच बॉक्स ईझल दिसायला सगळ्यात देखणा, लग्नाच्या फोटोत मस्त येतो, ड्रॉवरमध्ये रंग मावतात, पण रिकामाच ५-६ किलो, रंग भरले की खांदा निघतो, आणि पाय बसवताना ते पितळी स्क्रू आवळत बसावं लागतं. दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड, दीड-दोन किलोचा, पिशवीसकट. तिसरा म्हणजे कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बसवायचा छोटा बॉक्स, ज्याला पोशाड म्हणतात, तो निसर्गचित्रांसाठी छान पण लग्नातला मोठा कॅनव्हास त्यावर डोलतो, सोडून द्या. घरातला एच फ्रेम स्टुडिओ ईझल कोणी टेम्पोत घालून नेत असेल तर नमस्कार.

माझं मत सांगते, आणि यावर लोक भांडतात हे मला माहितीये. लाइव्ह कामाला हलका ट्रायपॉडच घ्या. "हलका पडतो" ही तक्रार खरी आहे, पण वजन घरापासून वाहून न्यायची काही गरजच नाही, वजन तिथे गेल्यावर लावायचं. वाळू फुकट आहे, पाणी हॉटेलवाले देतात. ५ लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे सरळ ५ किलो. म्हणून ईझल घेताना पहिलं हे बघा की तिन्ही पायांच्या मधे काही टांगायला हुक किंवा निदान आडवी पट्टी आहे का. नसेल तर जाड नाडीने बांधता येईल असा जोड तरी हवा.

वाऱ्याचा हिशोब एकदा करूनच टाकू. २४ बाय ३६ इंचांचा कॅनव्हास म्हणजे ६ चौरस फूट, चक्क शीडच. वारा ताशी २० किलोमीटर असेल तर त्यावर साधारण सव्वा किलोचा रेटा बसतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणजे ४० च्या झोताला पाच किलोच्या आसपास, तोही जमिनीपासून चार फूट उंचीवर. दीड किलोचा ट्रायपॉड नुसता ठेवला तर उभा राहणारच नाही. त्यात बहुतेक ट्रायपॉडला पुढे दोन पाय आणि मागे एक असतो आणि कॅनव्हास पुढच्या दोन पायांच्या जवळपास बरोबर वर येतो. मग कॅनव्हासच्या मागून वारा आला की ओलं चित्र थेट तुमच्या अंगावर. म्हणून कॅन अगदी मधोमध टांगण्यापेक्षा थोडा मागच्या पायाकडे टांगा, आणि जमिनीपासून चार बोटं वर राहू दे, फार उंच टांगला तर तोच झोके घेत बसतो.

पण त्याहून मोठा फरक जागेने पडतो. बीचवर पाहुणे समुद्राकडे तोंड करून बसतात आणि डेकोरेटर तुम्हाला त्यांच्याच मागे मधोमध जागा देतो, फोटोत बरं दिसतं म्हणून. तिथे अजिबात उभं राहू नका. दुपारभर वारा समुद्रावरून येतो तो कॅनव्हासच्या पाठीवर, आणि सूर्यही त्याच बाजूला, त्यामुळे कापडातून उजेड आरपार येतो आणि रंग कळतच नाहीत. (कॅनव्हासच्या मागे काळा पुठ्ठा किंवा जाड कापड लावायची सवय लावून घ्या, कुठेही उपयोगी पडतं.) मी मंडपाच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून उभी राहिले. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो त्यामुळे तो डाव्या खांद्यामागे राहिला, वाराही बराचसा कॅनव्हासच्या कडेवर, आणि उजव्या हाताची सावली चित्रावर नाही. शिवाय बाजूने बघितलं की अंतरपाटाच्या दोन्हीकडे उभे असलेले नवरा-नवरी दोघंही दिसतात, समोर फोटोग्राफर आणि ड्रोनवाल्यांची भिंत उभी राहिली तरी.

वाळूत पाय रुततात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते एकसारखे रुतत नाहीत ही खरी कटकट, तासाभरात चित्र तिरकं. दोन उपाय. एक तर प्लायवूडचे सहा-सहा इंचांचे तीन चौकोन कापून न्या आणि पायांखाली ठेवा, लॉनवरही हेच चालतात. नाहीतर पाय वीतभर खोल गाडून वर ओली वाळू दाबा, हे जास्त पक्कं बसतं पण तेवढी उंची कमी होते आणि घरी आल्यावर पायांच्या लॉकमधली वाळू गोड्या पाण्याने धुवावी लागते, खारं पाणी राहिलं तर पुढच्या वेळी लॉक अडकलंच समजा. उंचीचं गणित आधी करा. कॅनव्हासची खालची कड जमिनीपासून ३० इंचांवर धरली आणि कॅनव्हास ३६ इंच उभा, म्हणजे कॅनव्हासला वरून पकडणारा क्लॅम्प ६६ इंचांवर, साडेपाच फूट झाले. जाहिरातीत लिहिलेली उंची अख्ख्या ईझलची असते, त्यावर कॅनव्हास केवढा बसतो हे वेगळं विचारावं लागतं, आणि स्वस्तातले बरेच इथेच कमी पडतात. जमलं तर दुकानात स्वतःचा कॅनव्हास घेऊन जा, पूर्ण उंचीवर लावा, ब्रशने मारतो तसे फटके मारून बघा. मधला दांडा लटपटला तर परत ठेवून द्या. आणि वरचा क्लॅम्प हवाच, नुसत्या खालच्या पट्टीवर टेकवलेला कॅनव्हास बाहेरच्या कामाला चालत नाही.

डेकोरेटर आग्रहाने स्टेजवर जागा देतात तीही नको, फळ्यांवरून कोणी चाललं तरी ईझल थरथरतो आणि डीजे लागल्यावर तर विचारू नका. जमिनीवर साधारण चार बाय चार फूट जागा आधीच मागून घ्या आणि पायांभोवती दोन कुंड्या किंवा फुलांचे स्टँड लावून घ्या, नाहीतर पोरं पळताना पाय अडकतात.

दिवसाचं टाइमटेबल असं ठेवा. दुपारी तीनपर्यंत ईझल उभा, मुहूर्ताच्या आधी आकाश, समुद्र, मंडप रंगवून मोकळं व्हायचं. त्या दिवसांत सूर्य सहाच्या जरा पुढे मावळतो, गोरज त्याच सुमारास, आणि गंमत म्हणजे वाराही तेव्हाच पडतो. प्रत्येक मंगलाष्टकाच्या "सावधान"ला अक्षता पडतात आणि अंतरपाट दूर झाला की वर्षावच. कुंकू लावलेले तांदूळ ओल्या अ‍ॅक्रिलिकवर असे चिकटतात की काढताना रंगासकट निघतात. त्यामुळे पहिल्या मंगलाष्टकालाच ब्रश ठेवायचा आणि कॅनव्हास सोडवून पाहुण्यांकडे पाठ करून फिरवायचा. हे दोन सेकंदात जमायला हवं, म्हणून क्लॅम्प चिमटीने सुटणारा पाहिजे, स्क्रूवाला नको.

अंधार पडल्यावर स्टेजचे लाइट जांभळे-गुलाबी होतात, त्यात त्वचेचा रंग लावायचा म्हणजे अंदाजपंचे. चार्जिंगचा पांढरा क्लिप लाइट न्या आणि ईझलच्या वरच्या दांड्याला तो पकडतो का ते घरीच बघा, गोल आणि बारीक दांड्यावर तो फिरत राहतो. उघड्यावरचं म्युझिक रात्री दहाला बंद होतं, पाहुणे पांगतात, म्हणून चित्र साडेनऊला दाखवण्यालायक हवं.

शेवटची गोष्ट कोटेशन देतानाच विचारा: चित्र घरी कसं नेणार? यजमान विमानाने जाणार असतील तर चेक-इनला लांबी, रुंदी, जाडी मिळून १५८ सेंटिमीटर म्हणजे ६२ इंचांची मर्यादा असते. २४ बाय ३६ चे नुसतेच ६० झाले, दीड इंचाची फ्रेम धरली आणि बबल रॅप गुंडाळला की गेलं वर. अशांना मी २० बाय ३० सुचवते, पॅकिंगला जागा राहते आणि ईझलही सहा इंच खाली लावता येतो.