बाबांची नवी चप्पल

आज बाबांना पायाच्या डॉक्टरांकडे नेलं. काल रात्री त्यांचा मोजा धुवायला घेताना आईला रक्ताचा डाग दिसला होता. बुटात बारका खडा निघाला. तो घेऊन बाबा दिवसभर बँकेत, मंडईत फिरून आले. "अरे, टोचलंच नाही मला," म्हणाले. अठरा वर्षांची शुगर.

डॉक्टरांनी नायलॉनचा एक तंतू काढला. तो वाकेपर्यंत टेकवला की बरोबर 10 ग्रॅमचा दाब पडतो म्हणे. "डोळे मिटा, कळलं की हो म्हणा." उजव्या तळव्याला तीन ठिकाणी टेकवला. बाबा शांत. मीच दोनदा "हो" म्हणणार होतो.

जखम वरवरची निघाली, नशीब. पण कोल्हापुरी बंद! आयुष्यभर करकर वाजवत चाललेला माणूस. आता एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल: आत हे मऊ रबर, खाली टणक तळ, मागे पट्टा. अंगठा नको, तो बोटाला घासतो. कुष्ठरोगात ज्यांचे पाय बधिर होतात, त्यांनाही हीच चप्पल देतात. हे मात्र मी बाबांना सांगितलं नाही.

घरातही अनवाणी चालायचं नाही म्हटल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. देवघरापर्यंत चप्पल? शेवटी तह झाला. घरातली जोडी वेगळी, ती उंबरा ओलांडणार नाही.

आत्ता बाबा पलंगावर बसून आईच्या छोट्या आरशात तळवे बघतायत. "अगं, हा तीळ आधीपासून होता का?"