तुम्ही विचारलंत म्हणून: एनएलआर वाढलाय, म्हणजे आता किती दिवस?

कॅन्सरच्या पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, एनएलआर (न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर) किंवा सीआरपी (दाह असला की वाढणारं रक्तातलं प्रथिन) यांच्यापुढे ठळक 'हाय' दिसतं आणि पेशंटचा मुलगा किंवा सून लॅबच्या काउंटरवर येऊन विचारते, "मॅडम, हे वाढलंय, म्हणजे आता किती दिवस ओ?" कोल्हापुरात राजारामपुरीत असो की गडहिंग्लजला, प्रश्न हाच. एका आकड्यावरून दिवस कोणालाच मोजता येत नाहीत. आणि रक्त चुकीच्या दिवशी काढलं असेल, तर तो आकडा कॅन्सरबद्दल बोलतच नाही.

एनएलआरसाठी वेगळं रक्त लागत नाही. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या साध्या सीबीसीतूनच (रक्तपेशींच्या मोजणीतूनच) तो निघतो: न्यूट्रोफिलची टक्केवारी भागिले लिम्फोसाइटची. न्यूट्रोफिल ७६, लिम्फोसाइट १६, तर ४.७५. निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ असतो. पीएलआर, म्हणजे प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट, काढताना मात्र टक्केवारी चालत नाही. पांढऱ्या पेशी ८,४०० असतील तर त्यांच्या १६ टक्के, म्हणजे १,३४४ लिम्फोसाइट, प्लेटलेट ३.२ लाख, तर पीएलआर २३८.

गाठीभोवती सतत दाह चालू राहिला की इंटरल्यूकिन-६ नावाचं रसायन वाढतं. त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी जास्त आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) कमी बनवतं. न्यूट्रोफिल वाढतात आणि गाठीशी खरी झुंज देणारे लिम्फोसाइट घटतात. म्हणून या आकड्यांना काही अर्थ आहे. पण हाच दाह किडलेली दाढही करते. आपल्याकडे मावा खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेल्यांत जखमेत बऱ्याचदा जंतुसंसर्गही असतो. तिथे सीआरपी गाठीमुळे किती आणि पुवामुळे किती, हे रिपोर्ट सांगत नाही.

सगळ्यात जास्त घोळ औषधांनी होतो. केमोच्या आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी डेक्सामेथासोन (डेक्सा) हे स्टेरॉइड दिलं जातं. काही तासांत न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात आणि एनएलआर ३ वरून सहज ८-१० होतो. गंमत म्हणजे तेच औषध सीआरपी खाली आणतं. एकाच कागदावर एक आकडा घाबरवतो, दुसरा दिलासा देतो आणि दोन्ही डेक्साचे. 'पेशी वाढवायचं इंजेक्शन' घेतलं असेल तर पांढऱ्या पेशी २०-३० हजारांवर गेल्या तरी नवल नाही. नेहमीच्या तीन आठवड्यांच्या केमोत सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पेशी तळाला असतात. तेव्हाचा भागाकार करूच नये. ऑपरेशननंतर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असतो. पावसाळ्यात डेंग्यूने प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कोसळतात, मग पीएलआर कशाचा काढायचा?

मशीनही बघा. तीन भागांत पेशी मोजणाऱ्या मशीनवर इओसिनोफिल (जंत किंवा ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळे दिसत नाहीत. जंत किंवा दमा असेल तर पाच भागांचं मशीन किंवा काचेवरचा स्मिअर मागा. आणि सीआरपीचं एकक वाचल्याशिवाय दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवू नका. १२ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एकच.

मग या आकड्यांची किंमत किती? २०१४ साली शंभर अभ्यास आणि ४०,५५९ पेशंट एकत्र करून पाहिलं, तेव्हा जास्त एनएलआर असलेल्या गटात मृत्यूचा धोका सरासरी १.८१ पट निघाला. पण तो गटाचा आकडा आहे. शिवाय 'जास्त' कशाला म्हणायचं याची रेघ प्रत्येक अभ्यासात वेगळी होती, मधली ४ च्या आसपास. सीआरपी आणि अल्ब्युमिन मिळून काढलेला ग्लासगोचा स्कोअर आम्हाला जास्त बरा वाटतो; तो जितका जास्त, तितकं वाईट. त्याच्या सुधारित रूपात सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असेल तर शून्य, त्यावर गेला तर एक, आणि सोबत अल्ब्युमिनही ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर दोन. किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट, हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) आणि अल्ब्युमिन डॉक्टर खरोखर हिशेबात धरतात. बाकी ठिकाणी स्टेज, बायोप्सी आणि पेशंट स्वतःच्या पायांनी किती हिंडतो-फिरतो, याला वजन जास्त.

आकडा उतरवण्यासाठी गोळ्या मागणारेही असतात. डेक्साने सीआरपी उतरतो, म्हणून गाठ उतरत नाही. दात, लघवी, छाती, कॅथेटरची जागा तपासून संसर्ग सापडला तर त्यावर उपचार करता येतो, वजन घटत असेल तर आहारतज्ज्ञाकडे जाता येतं. दोन्ही आकड्यापेक्षा पेशंटच्या कामाचं.

रक्त पुढच्या केमोच्या आधी, डेक्साची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्या, शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये. चंदगड किंवा गगनबावड्याहून सॅम्पल पाठवत असाल तर त्याच दिवशी पोहोचेल असं बघा. रात्रभर पडलेल्या रक्तात पेशींची वर्गवारी बिघडते. प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने चार गोष्टी लिहा: शेवटची केमो कधी, स्टेरॉइड कधी, पेशी वाढवायचं इंजेक्शन कधी, ताप होता का. मग तारखेप्रमाणे लावलेले तीन-चार रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा आणि आकडा कुठल्या बाजूला सरकतोय ते त्यांना विचारा.