पिंजऱ्याचा धोका मोजताना

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या कार्ल्सबाडजवळ, जमिनीखाली ६५५ मीटरवर मिठाच्या जाड थरात, अण्वस्त्रांच्या कामातून आलेला किरणोत्सारी कचरा १९९९ पासून कायमचा पुरला जातोय. कचरा खाली जातो तो शाफ्टमधल्या, म्हणजे जमिनीत सरळ खाली खोदलेल्या उभ्या वाटेतल्या, पिंजऱ्यातून. एम.एस.ला असताना या प्रकारच्या पिंजऱ्याला अपघात व्हायची शक्यता किती, हे काढायचा प्रकल्प मी घेतला. त्याआधी भंडाऱ्याकडच्या मँगनीज खाणीत वाइंडरच्या, म्हणजे दोराने पिंजरा वरखाली करणाऱ्या यंत्राच्या, देखभालीवर होतो, त्यामुळे यंत्र ओळखीचं होतं.

कुणालाही आधी भीती वाटते ती दोर तुटण्याची. फॉल्ट ट्री म्हणजे अपघात कोणकोणत्या बिघाडांतून घडू शकतो हे दाखवणारी झाडासारखी आकृती; तिच्यातली ती फांदी लवकर उरकली. दोर सहा असतात, एक गेला तरी बाकीचे भार पेलतात. मी अडकलो ते ब्रेकपाशी. हा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. म्हणजे वीज गेली की तो आपोआप लागायला हवा. पण त्यासाठी आधी तेल टाकीत परतलं पाहिजे. परतीच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह चिकटून बसला तर दाब उतरतच नाही, आणि ब्रेकचे दोन्ही संच एकदमच उघडे राहतात.

आकडेमोडीत हे फार महागात पडतं. समजा प्रत्येक संच हजारात एकदा दगा देतो. दोन्ही एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असतील, तर दोन्ही मिळून दहा लाखांत एकदा. पण त्यातले दहा टक्के बिघाड सामाईक कारणाने होत असतील, तर तोच आकडा दहा हजारांत एकदा होतो. शंभरपट धोका! म्हणून मी हिशेब बाजूला ठेवून तेलाच्या नळ्यांचं ड्रॉइंग घेतलं आणि प्रत्येक नळी पेन्सिलने टाकीपर्यंत नेली. माझ्या मते या अभ्यासातलं सर्वांत मोलाचं काम तेच.

इंग्लंडमधल्या मार्कहॅम कोळसा खाणीचा १९७३चा अपघात याच काळात नीट वाचला. ब्रेकमधला एकच दांडा, वारंवारच्या ताणाने धातू थकून, तुटला, पिंजरा तळावर आदळला आणि त्यातले १८ कामगार गेले. ज्या भरवशावर माणसं रोज खाली उतरतात, तो अख्खा भरवसा एका दांड्यावर असावा, याचा मला आजही संताप येतो.

मार्गदर्शकांनी एकच आकडा घ्यायला नकार दिला. ‘अंदाज कुठून कुठवर जातो ते दाखव,’ म्हणाले, आणि ते रास्तच होतं. व्हॉल्व्हच्या बिघाडाची माहिती बहुतेक दुसऱ्याच उद्योगांतली असते.

अहवालात मी तेलाला परतीची दुसरी, वेगळी वाट सुचवली. तिच्या चाचणीवर मात्र जास्त पानं खर्च केली. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम तपासले, तर एक चिकटलेला असला तरी दुसऱ्यातून तेल उतरतं, ब्रेक लागतो आणि वहीत ‘ठीक’ अशी नोंद होते. म्हणून एक बंद ठेवून दुसरा तपासायचा, मग उलट, आणि दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या.