वीस मीटरचं वर्तुळ: नागपुरातल्या ड्रेसेज सरावाची जून ते नोव्हेंबर नोंद

या हंगामात ड्रेसेजच्या, म्हणजे घोड्याला नेमक्या चाली आणि वळणं शिकवण्याच्या, सरावात एक गोष्ट धरून ठेवली आहे. लंजवर, म्हणजे लांब दोरीने गोल फिरवलेल्या घोड्यावर, बसणारा नवखा असो की शोल्डर-इनपर्यंत (घोड्याचे खांदे आत घेऊन चालवण्यापर्यंत) पोचलेला जुना स्वार, प्रत्येकाने आठवड्यातून एकदा तेच २० मीटरचं वर्तुळ, त्याच मोजलेल्या मैदानावर, घड्याळ लावून करायचं. "आज घोडा छान चालला" ही नोंद पुढच्या महिन्यात कुणाच्या कामाची नसते. "डावीकडे १७ सेकंद, उजवीकडे १५, एक्सजवळ खांदा बाहेर" ही असते. (एक्स म्हणजे मैदानाचा मध्यबिंदू.)

जून: मैदान

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर सरळ वाळू टाकली तर पहिल्याच झडीत वाळू खाली जाते आणि गारा वर येतो. म्हणून २० बाय ४० मीटरच्या अरिनाची वरची ३० सेंटिमीटर माती काढायची, तळाला जिओटेक्स्टाइल (माती वर येऊ न देणारं) कापड अंथरायचं, त्यावर दाबलेला मुरूम ३० सेंटिमीटर आणि वर वाळू ५ सेंटिमीटर, असा हिशेब ठेवला. ८०० चौरस मीटरला मुरूम सुमारे ८५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो. रोलर फिरला की तो बसतो, त्यामुळे मागवताना पाचवा हिस्सा जास्त धरावा. वाळू १४ ब्रास पुरते. मधली रेषा दोन्ही लांब बाजूंपेक्षा १० सेंटिमीटर उंच ठेवली की एक टक्का उतार मिळतो आणि पाणी बाहेरच्या नालीत जातं.

वाळू जास्त टाकण्याचा मोह टाळावा. मऊ मैदान घोड्याला बरं, असं वाटतं खरं, पण १० सेंटिमीटर मोकळ्या वाळूत प्रत्येक टापेला खूर उपसून काढावा लागतो आणि मागच्या स्नायूबंधांवर ताण येतो. नदीच्या वाळूचे गोल कण एकमेकांत अडकत नाहीत, पायाखालून सरकतात. तिचा थर तर पातळच हवा, आणि कायम ओलसर. दुडक्या चालीनंतर टापेचा ठसा कडांसकट स्पष्ट दिसला तर वाळू बरोबर. ठसा लगेच बुजला तर ती कोरडी किंवा खोल आहे.

आखणीला घाई नको. कोपऱ्यात ३-४-५ च्या त्रिकोणाने काटकोन घ्यायचा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे: ४४.७२ मीटर. दोहोंत हातभर फरक असेल तर मैदान तिरकं आहे, खुंट्या पुन्हा ठोका. अक्षरं ए पासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. लांब बाजूवर कोपऱ्यापासून पहिलं अक्षर ६ मीटरवर, पुढची दोन प्रत्येकी १४ मीटरवर, उरतात ६. मोठ्या २० बाय ६० च्या अरिनात हेच अंतर ६, १२, १२, १२, १२, ६ होतं आणि व्ही, एस, आर, पी ही चार अक्षरं वाढतात.

ए टोकाच्या वर्तुळाचे चार बिंदू असे: ए, मधला एक्स, आणि दोन्ही लांब बाजूंवर कोपऱ्यापासून १० मीटर. म्हणजे के आणि एफच्या ४ मीटर पुढे, अक्षरावर नव्हे. निम्मी वर्तुळं इथेच बिघडतात, कारण स्वार अक्षराकडे बघून वळतो. वर्तुळाच्या मध्यभागी खुंटी ठोकून, १० मीटर दोरीने चुन्याची फक्की ओढली की सगळ्यांच्या डोळ्यांना खरं वर्तुळ दिसतं. एरवी चारही बिंदूंवर दीड मीटर अंतराने शंकूंची जोडी ठेवावी.

जुलै-ऑगस्ट: दमट दिवस

घोड्याला काम द्यावं की नाही, यासाठी तापमान फॅरनहाइटमध्ये घेऊन त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवण्याचा जुना ठोकताळा आहे. बेरीज १३० च्या आत असली तर घोडा स्वतःला थंड ठेवू शकतो, १५० च्या वर सावध राहायचं, १८० च्या वर काम बंद. नागपुरात हा ठोकताळा मे महिन्यात फसवतो. ११३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता, बेरीज १२८, म्हणजे कागदावर सगळं ठीक! प्रत्यक्षात नवतप्याच्या दुपारी घोडा सावलीतून बाहेर काढणंच चूक. उलट जुलैतल्या ढगाळ सकाळी ८६ अंश आणि ८५ टक्के, बेरीज १७१. माणसाला हवा बरी वाटते, घोड्याचा घाम मात्र वाळत नाही. म्हणून पावसाळ्यात दुडकी आणि कँटर (दुडकीहून वेगवान, तीन ठेक्यांची चाल) मिळून २० मिनिटांच्या वर नाही, ती सुद्धा चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये सैल लगामाने चालणं.

काम संपल्यावर दहा मिनिटांनी नाडी ६० च्या खाली यायला हवी. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवरच्या धमनीवर बोट ठेवून १५ सेकंद मोजायची आणि चारने गुणायची. विश्रांतीतल्या घोड्याची २८ ते ४४ असते. अंगावर गार पाणी ओतत राहायचं, ते काय सारखं निथळवत बसायची गरज नाही. ओला टॉवेल पाठीवर तसाच ठेवू नये, तो गरम होऊन उष्णता धरून ठेवतो.

खुरांकडे या दिवसांत रोज बघावं. खुराच्या तळातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत काळा, दुर्गंधी येणारा स्राव दिसला तर तो थ्रश. ओल्या लिदीत उभं राहिल्याने होतो, त्यामुळे औषधाआधी जागा कोरडी करा. नालबंदाची फेरी पाच-सहा आठवड्यांनी ठरलेलीच असावी. पावसात नाल सैल वाटला तर वाट न बघता बोलवावा.

चावऱ्या माश्या वाढल्या की सर्राची, म्हणजे त्यांच्यातून पसरणाऱ्या रक्तातल्या परजीवीच्या रोगाची, भीती असते. ताप येतो-जातो, घोडा खाऊनही वाळतो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. म्हणून पावसाळाभर सकाळ-संध्याकाळ ताप घेऊन पाटीवर लिहायचा. ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला तर त्या दिवशी खोगीर चढत नाही, आणि डॉक्टरांना फोन जातो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते. त्या दिवशी घोडे बाहेरच्या रस्त्यावर काढले नाहीत, आतच हाताने फिरवले. ढोल-ताशे, फटाके, गर्दी, तिन्ही एकदम सोसणारे घोडे थोडे. दिवाळीलाही हाच नियम.

सप्टेंबर-ऑक्टोबर: तुकड्या

नवख्यांची तुकडी लंजवर. दोरी ८ मीटरची, आधाराला खोगिराच्या पुढचा पट्टा. लगाम हातात नाहीच. लगाम लवकर दिला की नवखा तोल जाताच तोच ओढतो, आणि घोड्याच्या तोंडाला त्याची शिक्षा होते. कान, खांदा, कंबर, टाच एका उभ्या रेषेत आहेत का, हे बाजूने काढलेल्या मोबाइलच्या चित्रफितीत दिसतं. रिकिबीची लांबी जमिनीवरच अंदाजायची: बोटांची टोकं रिकिबीच्या बकलला, रिकिबीचा तळ बगलेला. हात न धरता दहा मिनिटं दुडकीच्या ठेक्यावर खोगिरात उठ-बस जमली की लंजची दोरी सुटते.

वजनाबद्दल संकोच न ठेवता बोलायला हवं. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवेत, नवखा असेल तर १५ च्या जवळ. घोड्याचं वजन फितीने निघतं: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या भागाच्या) टोकापर्यंत लांबी, भागिले ११,८८०. घेर १७८ आणि लांबी १६५ असेल तर सुमारे ४४० किलो, म्हणजे वरची मर्यादा ८८ किलो.

दुसरी तुकडी उठ-बस दुडकी करणारी. बाहेरचा पुढचा खांदा पुढे जाताना उठायचं, मागे येताना बसायचं. दिशा बदलली की एक ठेका जास्त बसून नव्या बाहेरच्या खांद्याबरोबर उठायचं. यांचं वर्तुळ बहुतेक चौकोनी किंवा अंड्यासारखं निघतं. चौकोनी निघतं कारण घोडा भिंतीला चिकटून कोपऱ्यात शिरतो. अंडाकृती निघतं ते एक्सच्या बाजूला, कारण तिथे भिंत नसते आणि खांदा बाहेर सुटतो. आतला लगाम ओढून हे दुरुस्त होत नाही. मान आत वळते आणि खांदा आणखी बाहेर जातो. बाहेरचा लगाम आणि बाहेरची मांडी खांद्याला धरतात, आतला पाय तंगापाशी (खोगिराच्या पोटपट्ट्यापाशी) वळण देतो. तपासायला आतला हात दोन-तीन पावलं पुढे देऊन लगाम सैल करायचा. वर्तुळ टिकलं तर घोडा पायांवर वळतोय, बिघडलं तर हातावर.

घड्याळाचं गणित सोपं आहे. वर्तुळाचा परीघ ६२.८ मीटर. मिनिटाला २२० मीटर ही कामाची दुडकी धरली तर एक फेरी १७ सेकंदांत होते. १६ ते १८ मध्ये सलग पाच फेऱ्या आल्या तर लय आहे. एक १५, पुढची १९, मग १६ असं झालं तर घोडा थकलेला नाही, स्वार ढवळतोय.

आपल्या क्लबांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच असतात, त्यांच्यावर वेगळी नोंद. त्यांना तोंडातला ताण म्हणजे "पळ" असं शिकवलेलं असतं, त्यामुळे धास्तावून लगाम घट्ट धरणारा स्वार त्यांना आणखी पळवतो. लगाम हलका ठेवून वर्तुळ १५ मीटरपर्यंत आवळायचं आणि पुन्हा सोडायचं. वेग वळणाने उतरतो, हाताने नाही. शर्यतीच्या घोड्यावर स्वार चालत्या घोड्यावरच चढवला जातो, म्हणून स्टुलाजवळ शांत उभं राहणं हासुद्धा शिकवायचा धडा आहे. एका दिशेच्या वळणावर घडलेला घोडा दुसऱ्या दिशेला कँटर चुकीच्या पायावर उचलतो. तिथे आधी त्या दिशेची दुडकी महिनाभर, मग कोपऱ्यातून कँटरची मागणी. तंग आवळताना कान मागे पडत असतील तर पाठ आणि खोगिराचा बसवटा आधी तपासावा. स्वार वर असताना खोगीर आणि मानेमागचा पाठीचा उंचवटा यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी.

जमिनीवरचे दांडे सगळ्या तुकड्यांना लागू. दोन दांड्यांतलं अंतर चालण्याला ८० ते ९० सेंटिमीटर, दुडकीला थरोब्रेडसाठी १.३ मीटर, काठियावाडी किंवा मारवाडीसाठी १.१ ते १.२. दुडकीला दोनच दांडे ठेवू नका, घोडा ते एक अडथळा समजून उडी मारतो. तीन किंवा चार ठेवा. गोल बांबू अजिबात नको. त्यावर टाप पडली की तो घरंगळतो आणि घोटा मुरगळतो.

वरच्या तुकडीत लेग-यील्ड (घोडा पुढे जाताना बाजूलाही सरकवणं) आणि शोल्डर-इन. शोल्डर-इनआधी त्याच कोपऱ्यात १० मीटरचं वर्तुळ, आणि त्याचंच पहिलं पाऊल लांब बाजूवर पुढे न्यायचं. समोरून बघणाऱ्याला तीन रुळ (टापांच्या रेषा) दिसले, कोन ३० अंशांच्या आसपास, तर काम झालं. दोनच रुळ आणि वाकलेली मान दिसली तर ती फक्त मान आहे. लेग-यील्डमध्ये पुठ्ठा मागे राहतो, कारण स्वार पाय दाबत राहतो. प्रत्येक पावलाला एक दाब आणि मग सोडणं. लय मोडली की बाजूला सरकणं थांबवून सरळ पुढे.

नोव्हेंबर: चाचणी

थंडी पडली, घोडे सकाळी उसळू लागले. सुरुवातीचं चालणं १५ मिनिटांवर नेलं. चाचणीपत्रकात प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण, अर्धा गुणही मिळतो, काही हालचाली दुप्पट. एकूण २२० पैकी १३६.५ मिळाले तर ६२.०५ टक्के. हा आकडा शाळेच्या मार्कांशी ताडू नये. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि शेजारच्या मध्य प्रदेशातल्या इंदूरची सुदिप्ती हजेला यांच्या भारतीय संघाने सुवर्ण जिंकलं, तेव्हा सर्वोत्तम तिघांची बेरीज २०९.२०५ होती, म्हणजे प्रत्येकी सरासरी ६९.७. क्लबच्या चाचणीत ६० आले तर पाया चांगला आहे.

स्वस्तात मिळणारे गुण सगळेच वाया घालवतात. लांब लगामाची मोकळी चाल बहुतेक प्राथमिक चाचण्यांत दुप्पट मोजली जाते, आणि तिचा सराव कुणी करत नाही. मान पुढे-खाली लांबायला हवी, मागची टाप पुढच्या ठशाच्या पलीकडे पडायला हवी. लगाम गोळा करताना घोडा दुडकीत शिरला तर दुप्पट गुण गेले. म्हणून लगाम तीन-चार टप्प्यांत, एच किंवा एमच्या आधीच गोळा करायचा. एक्सवरचा थांबाही तसाच: तीन सेकंद निश्चल, चारही पाय चौकोनात. मागचा पाय मागे राहिला तर तो लगामाने ओढून थांबल्याची खूण. थांबण्याआधी दोन पावलं पायाने पुढे ढकलून मग बसायचं.

डिसेंबरपासून हवा कोरडी, धूळ सुरू. ८०० चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ८०० लिटर, आणि वाळू ओलसर राहायला एका वेळी ५ मिलिमीटर, म्हणजे ४,००० लिटर लागतात. पाणी संध्याकाळी, शेवटच्या तुकडीनंतर मारायचं. रात्रभर मुरलं की सकाळी थर एकसारखा राहतो. त्याआधी दंताळं फिरवून भिंतीलगत साठलेली वाळू मध्ये ओढून घ्यायची, नाहीतर घोड्यांच्या रोजच्या वाटेवर मुरूम उघडा पडतो. पुढच्या महिन्यात वरची तुकडी १० मीटरच्या वर्तुळाची वेळ लिहायला घेईल: परीघ ३१.४ मीटर, दुडकीला साडेआठ सेकंद.