तुम्ही विचारलंत म्हणून : फोर बाय फोर आहे ना, मग फसते कशी?

हा प्रश्न मला लग्नात, पेट्रोल पंपावर, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारलाय लोकांनी. गाडीला चिखल दिसला की माणूस एक चक्कर मारतो, मागच्या हुकाकडं बघतो अन् म्हणतो, "दादा, फोर बाय फोर हाय ना ही? मग वढायला दुसरी गाडी कामून लागते? आन इतके जण मिळून जाता तरी कुठं?" दरवेळी हसून टाळतो, आज जरा सविस्तर सांगतो.

माझी जुनी जिप्सी आहे, सेकंडहँड घेतलेली. आम्ही बीडचे आणि आजूबाजूचे दहा-बारा जण महिन्यातून एखाद्या रविवारी निघतो, थार, जिम्नी, एक म्हातारी बोलेरो. ग्रुपला नाव आहे पण चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आधी गाडीचं. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांड्यांना, जाते एवढंच, चारी चाकं हट्टानं जमीन धरतात असं नाही. प्रत्येक ॲक्सलमध्ये डिफरन्शियल असतं, वळताना आतलं चाक हळू अन् बाहेरचं जोरात फिरावं म्हणून, आणि त्याला दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक नसेल तर जे चाक मोकळं सुटेल तेच फिरत बसतं. म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं घसरलं की ही दोन चाकं पंख्यासारखी गरगर फिरतात, उरलेली दोन गप उभी. माझ्या जिप्सीला लॉक नाही. थारवाल्याला मागं आहे, आणि तो ते दर ट्रिपला एकदा तरी सांगतो.

दुसरी गोष्ट आपली माती. बालाघाटच्या डोंगरावर मुरूम आहे, खडक आहे, तिथं पाऊस पडला तरी पाणी वाहून जातं आणि गाडी चालते. तीच गाडी खाली गोदाकाठी गेवराईकडं न्या. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात वरून पापडी धरते, वाटतं सुकलंय. चाक पापडीतून खाली गेलं की टायरच्या नक्षीत माती गच्च भरते अन् तो महागाचा ऑफरोड टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो.

मला हे कळलं ते श्रावणातल्या एका रविवारी. राक्षसभुवनला चाललो होतो, शनीचं देऊळ आहे तिथं, आणि डांबरी रस्ता सोडून एका पांदणीनं जायचं ठरलं. सहा गाड्या, माझी तिसरी. पुढची जरा हळू झाली, मी ब्रेक मारला, संपलं. मग मी ते केलं जे प्रत्येक नवखा करतो, ॲक्सिलरेटर दाबला, अजून दाबला, आणि गाडी ॲक्सलपर्यंत खाली बसली. वॉकीटॉकीवर पुढच्या गाडीतून आवाज आला, "पाय काढ. खाली उतर. चहा पी." उतरलो तर दहा पावलांत बुटाला दोन-दोन किलो माती.

तेवढ्यात शेजारच्या वावरातनं एक काका आले, तंबाखू मळत. गाडीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं अन् म्हणाले, "वापसा न्हाई अजून. दोन दिस झाले मी बैल घालंना, आन तुम्ही मोटारी घातल्या व्हय?"

वापसा. लहानपणापासून ऐकलेला शब्द, आजोबा रोज सकाळी मातीचा गोळा मुठीत दाबून बघायचे. माती चिकटली तर घरी परत, गोळा भुसभुशीत फुटला तर औत बाहेर. आम्ही जीपीएस बघितलं, हवामानाचं ॲप बघितलं, टायरची हवा बघितली, मूठभर माती कोणीच बघितली नाही. शेतकऱ्यांचीच पोरं निम्मी.

असो. हवा अठ्ठावीसवरून सोळावर आणली, म्हणजे टायर पसरतो आणि जास्त जमीन धरतो. फावड्यानं चाकामागची माती काढली, कारण ओढायचं शक्यतो आलो त्याच दिशेनं, तिकडची जमीन माहीत असते. काका म्हणाले ट्रॅक्टर आणतो, साखळी पण आहे. ट्रॅक्टरला हो म्हणालो, साखळीला हात जोडले. साखळी ताणून लांबत नाही, झटका बसला की सगळा जोर हुकावर, आणि तुटलेला हुक गोळीसारखा येतो. आमच्याकडं नायलॉनचा पट्टा असतो, तो रबरासारखा ताणतो आणि हळूहळू ओढून घेतो. तो गाडीच्या मजबूत हुकालाच लावायचा, ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही. वर मधोमध ओलं पोतं टाकायचं, सुटला तर पट्टा खाली पडावा म्हणून, आणि बघ्यांना लांब करायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. तोवर निम्मं गाव जमलेलं, पोरं पट्ट्यावरनं उड्या मारायला लागलेली.

थारवाल्यानं आधी लॉक लावून ओढून बघितलं, तोही फिरत बसला, तेव्हा मनातून मला बरं वाटलं हे कबूल करतो. शेवटी ट्रॅक्टर मागं मुरमावर उभा केला, सुप्पकन आवाज झाला अन् जिप्सी सुटली. सव्वा दोन तास गेले होते.

आता एवढे जण कशाला, त्याचं उत्तर. आमचा एकच कडक नियम, आरशात मागची गाडी दिसली पाहिजे. वळणावर ती येईपर्यंत थांबायचं, पाण्यातून जायचं तर पलीकडं गेलेल्यानं पुढं पळायचं नाही. ट्रिपचा निम्मा वेळ थांबण्यातच जातो, ज्याला थांबणं जमत नाही तो दुसऱ्यांदा येत नाही. देवळाच्या पारावर भेळ खाताना आमच्यातल्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं, १० ऑगस्ट १७६३ ला इथंच माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं. गोदावरीला पूर, निजाम काही फौजेनिशी पलीकडच्या काठाला गेलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडं. मराठ्यांनी अलीकडच्यांना गाठलं, विठ्ठल सुंदर मारला गेला, निजाम पलीकडनं बघत राहिला. थारवाला म्हणाला, "म्हणजे कॉन्वॉय तोडला." सर म्हणाले, "ऐन पावसाळ्यात."

एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही, आमच्या चाकांनी त्या पांदणीचं काय झालं. गुडघाभर चाकोऱ्या पडल्या होत्या आणि त्याच वाटेनं लोकांच्या बैलगाड्या जातात. रील काढायला पिकात गाडी घालणारे महाभाग मी बघितलेत, त्यांना मी आमच्यातले मानत नाही, पण त्या दिवशी आम्हीही फार वेगळं केलं नव्हतं. पुढच्या रविवारी वर्गणी काढून दोन ट्रॉल्या मुरूम टाकला. काकांनी चहा पाजला, माफ केलं की नाही ते कळलं नाही.

तेव्हापासून त्या बाजूला जायचं असलं की ॲपच्या आधी त्यांना फोन लावतो. गेल्या जूनमध्ये विचारलं, "काका, वापसा हाय का?"

"हाय की," म्हणाले, "म्हणून तर पेरणी चाललीय. गाड्या आणू नका. तुम्ही चालत या, पोहे करतो."