एवढा केशरी आमच्याकडे नाही

माझी आजी पुण्याच्या तांबट आळीत हंडा घ्यायला गेली की दुकानदार काय सांगतोय याकडे तिचं लक्षच नसायचं. ती हंड्याला टिचकी मारून कान देऊन ऐकायची, बुडावरचे मठाराचे ठोके बोटांनी चाचपायची आणि शेवटी फरशीवर ठेवून तो डगमगतो का ते बघायची. भावाची बोलणी त्यानंतर. मी २,३९,९०० रुपयांचा लॅपटॉप बघायला गेले तेव्हा टिचकी नेमकी कुठं मारायची, हेच मला कळेना.

माझं काम पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी, मुखपृष्ठं करण्याचं. लॅपटॉप आठ वर्षांचा जुना. श्रावणात अंकांची पानं यायला लागली की त्याचा पंखा असा घुमतो, की घरातलं कुणीतरी मिक्सर बंद करायला स्वयंपाकघरात जातं. तेव्हा घ्यायचाच, आणि घ्यायचा तर चांगलाच, असं ठरवून ॲपलच्या सोळा इंची मॅकबुक प्रोवर डोळा ठेवला. २०२१च्या ऑक्टोबरात आलेला, एम१ प्रो चिपचा.

दुकानात तो टेबलावर उघडा ठेवलेला. पडद्यावर डोंगर. असले डोंगर कुठल्याही पडद्यावर छानच दिसतात. विक्रेता पोरगा भला होता, आकडे त्याला शुभंकरोतीसारखे पाठ. दहा कोअर, चिपमध्ये ३,३७० कोटी ट्रान्झिस्टर, एका चार्जिंगमध्ये २१ तासांपर्यंत व्हिडिओ. मी झाकण एका बोटानं उचलून बघितलं. खालचा भाग जागचा हलला नाही. आजीला हे आवडलं असतं. मग हातात घेतला, तर वजन दोन किलोच्या वर. हे मात्र तिला फारच आवडलं असतं. हलकं भांडं तिला फसवं वाटायचं. बाजूला कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच होती. २०१६ साली याच कंपनीनं ती काढून टाकली होती, २०२१ला परत दिली आणि त्यावर कौतुकाचा पाऊस पडला. सासूनं काढून घेतलेली बांगडी पाच वर्षांनी दिवाळीला परत द्यावी आणि सुनेनं वाकून नमस्कार करावा, तसलं काहीतरी.

अडले मी रॅमपाशी, म्हणजे उघडलेली कामं हाताशी ठेवणाऱ्या मेमरीपाशी. "सोळा जीबी की बत्तीस, ते आत्ताच ठरवा मॅडम, नंतर वाढवता येत नाही," पोरगा म्हणाला. यात ही मेमरी चिपच्या शेजारीच कायमची बसवलेली असते. माझ्या जुन्या लॅपटॉपला मी तपकीर गल्लीत उभ्या उभ्या रॅम टाकून आणली होती, चहासकट अर्ध्या तासात. इथं मात्र पुढच्या सात-आठ वर्षांत मी एका वेळी किती फायली उघडीन, ते आज सांगायचं. बारशालाच लग्नाच्या पंगतीची पानं मोजण्यासारखं हे. मी "घरी विचारून सांगते" म्हणून बाहेर पडले.

माझी एक मैत्रीण लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. तिच्याकडे हाच लॅपटॉप आहे. "दुकानात काय कळणार तुला, चार दिवस घरी ने," ती म्हणाली. तिच्यासाठी हे यंत्र चैन नाही. चार कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज एकदम चालवायचं म्हणजे पूर्वी ती रात्रभर त्याच्या हलक्या प्रती करत ठेवायची आणि सकाळी कामाला बसायची. या चिपमध्ये व्हिडिओ उलगडायला वेगळी सोयच आहे, त्यामुळे ती रात्र वाचली. तिचा हिशोब चोख होता. माझा काय आहे ते बघायचं होतं.

घरी आणून माझ्या खात्यातून इनडिझाइन, म्हणजे पानं मांडायचं सॉफ्टवेअर, चढवलं आणि गेल्या वर्षीचा २४० पानांचा अंक उघडला. उघडला म्हणेपर्यंत उघडलासुद्धा. पंखा नाही, मिक्सर नाही. मग नव्या फाइलमध्ये एक कथा आणून ओतली, तर पहिल्याच ओळीत वेलांट्या भलत्या अक्षरांवर जाऊन बसलेल्या, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे अशा लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा पर्याय, लावायचा राहिला होता. देवनागरीला तो लावावाच लागतो, जुन्या लॅपटॉपवर आणि याच्यावरही. ३,३७० कोटी ट्रान्झिस्टर, आणि 'स्थिती'ची वेलांटी माझी मलाच जागेवर आणायची.

मग मुखपृष्ठ काढलं. यंदाच्या एका अंकासाठी झेंडूच्या राशीचा फोटो होता, मंडईत पहाटे काढलेला. तो त्या पडद्यावर आला आणि मी हातातला चहा खाली ठेवला. झेंडू नुसते पेटले होते. पाकळ्यांच्या कडांवरचा केशरी आणि आतला गडद, यांतल्या छटा माझ्या जुन्या पडद्यावर कधी दिसल्याच नव्हत्या. आईला हाक मारली, शेजारच्या काकूंना दाखवलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून थेट छापखाना गाठला.

तिथला मशीनमन गेली तीस वर्षं शाईत हात घालून आहे. त्यानं पडद्याकडे बघितलं, चष्मा वर सरकवून पुन्हा बघितलं, आणि पुसायचं फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, "मॅडम, एवढा केशरी आमच्याकडे नाही."

खरंच नाही. ऑफसेट छपाईला सायन (निळसर), मॅजेंटा (गडद गुलाबी), यलो, ब्लॅक या चारच शाया, प्रत्येकीची एक प्लेट. केशरी करायचा तर पिवळ्यावर मॅजेंटाचे ठिपके टाकायचे. झेंडूच्या जवळ जातं, पण पेटत नाही. त्यात पडदा स्वतः उजेड फेकतो आणि कागद बिचारा ट्यूबलाइटचा उजेड उसना घेऊन परत करतो. "पाचवी प्लेट लावा, वेगळी शाई घोटून देतो," तो म्हणाला, आणि प्लेटचा भाव सांगितला. दिवाळी अंकाच्या संपादकांपुढे हा भाव काढायची माझी छाती नाही. मानधनाचा विषय निघाला तरी त्यांना ठसका लागतो.

म्हणजे पडदा जितका भारी, तितकं माझ्या कामाचं खोटं देखणं. व्हिडिओवालीचं काम पडद्यावरच संपतं, त्यामुळे तिला जे दिसतं ते खरं. माझं काम शेवटी सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या कागदावर उतरायचं असतं. मुखपृष्ठाला आर्ट पेपर मिळाला तर दिवाळी.

रात्री सेटिंगमध्ये धुंडाळताना 'डिझाइन अँड प्रिंट' नावाचा पर्याय सापडला. तो निवडला आणि सगळा पडदा पिवळट, मंद झाला, कपाटातल्या जुन्या मासिकाच्या पानासारखा. झेंडू विझून छापखान्यातल्या झेंडूंसारखे झाले. हा पर्याय बनवणाऱ्यानं मशीनमनचं म्हणणं कधीतरी ऐकलं असावं. मागून आई डोकावली. "बिघडवलास ना तिचा?" म्हणाली. त्या पिवळ्या उजेडात बसून मी मुखपृष्ठ पुरं केलं आणि या यंत्रावरचं ते माझं सगळ्यात बरं काम झालं.

चौथ्या दिवशी लॅपटॉप परत केला. तपकीर गल्लीत जाऊन जुन्याला आणखी रॅम टाकली, पंख्यातली धूळ काढून घेतली, आणि उरलेल्या पैशांतला थोडा भाग छपाईचे रंग नीट दाखवणाऱ्या एका बिनदिखाऊ मॉनिटरसाठी बाजूला ठेवला. मिक्सरची शंका आता जरा कमी वेळा येते.

दोन दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. आवाज चढलेला.

"अगं, तू सेटिंगमध्ये काय करून ठेवलंयस? परवापासून मी हळदीचं फुटेज करतेय. मला वाटलं हळदच जास्त लावलीय!"