शत्रूला आवडलेला बँड

इस्तंबूलच्या हरबिये भागात लष्करी संग्रहालय आहे. तिथे दुपारी मेहतेर, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या फौजेचा जुना बँड वाजतो, तेव्हा पहिल्या रांगेत बसू नये. झुर्ना हे आपल्या सनईचंच भावंड, पण त्याला लग्नघरातली अदब कुणी शिकवलेली नाही. जोडीला तुताऱ्या, ढोल, झांजा, जोडनगारे. आणि कोस नावाचा अवाढव्य नगारा, जो मोहिमेवर उंटाच्या पाठीवरून जायचा. बंद सभागृहात हे सगळं एकदम सुरू झालं की नाद कानांआधी बरगड्यांना कळतो. चालही मोठी ऐटदार. काही पावलं टाकायची, थबकायचं, अंगासकट वळून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बघायचं. घाई शत्रूने करावी!

करमणूक हा मेहतेरचा धंदा नव्हताच. जॅनिसरी म्हणजे सुलतानाचं खास पायदळ; त्यांच्या पलटणींबरोबर तो रणांगणावर वाजायचा. आपल्यांना धीर यावा, पलीकडच्यांची झोप उडावी, एवढंच त्याचं काम. 1683 मध्ये व्हिएन्नाला याच फौजेचा वेढा पडला तेव्हा तिथल्या लोकांनी दोन महिने तटाआडून हे संगीत सोसलं.

आणि सोसता सोसता ते त्यांच्या कानात बसलं बहुतेक. कारण वेढ्याची शंभरी भरायच्या आत, 1782 मध्ये, त्याच व्हिएन्नात मोझार्टने आपल्या ऑपेरात तुर्की थाटाचे ढोल-झांजा वाजवले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. युरोपच्या राजांनीही आपापल्या पलटणींच्या बँडमध्ये मोठा ढोल आणि झांजा आणल्या. बेथोव्हेनने तर कमालच केली. 1824 च्या नवव्या सिम्फनीत माणसामाणसांतल्या बंधुभावाचं गाणं रंगात आलेलं असताना त्याने मध्येच तुर्की कूच घुसवलं.

दोनच वर्षांनी, 1826 मध्ये, खुद्द इस्तंबूलमध्ये मेहतेर बंद झाला. जॅनिसरी वारंवार बंड करत, म्हणून सुलतान दुसरा महमूद याने त्यांचा निकाल लावला. त्यांच्याबरोबर त्यांचा बँडही गेला. नव्या फौजेला नवं संगीत हवं म्हणून 1828 मध्ये थेट इटलीहून माणूस आणला: ज्युसेप्पे दोनिझेत्ती, ऑपेराकार गाएतानोचा थोरला भाऊ. सुलतानाची अडचण मला समजते, बंडखोरांचे नगारे रोज कोण ऐकणार? पण ज्या ढोलांवर व्हिएन्ना लुब्ध झाली ते अडगळीत टाकून युरोपचा बँड मागवायचा, यातला विनोद दरबारात कुणालाच दिसला नसेल का? दोनिझेत्ती मात्र तिथेच रमला, पाशा झाला आणि 1856 मध्ये इस्तंबूललाच वारला.

मेहतेर 1914 मध्ये संग्रहालयाच्या आसऱ्याने पुन्हा उभा राहिला, 1935 मध्ये पुन्हा बंद पडला आणि 1952 पासून परत वाजतो आहे. दोनिझेत्तीने घडवलेला दरबारी बँड 1924 मध्येच अंकाराला हलवला गेला. आज तो राष्ट्राध्यक्षांचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, आणि बेथोव्हेनही वाजवतो.